आबांचा डावा हात

वहाणा घ्यायच्या तर माणूस पायाचं माप नेतो. आबा पिस्तूल घ्यायला सोलापूरला निघाले तेव्हा माप म्हणून त्यांनी मला नेलं होतं. ही गोष्ट मी काढली की माझ्या सुना एकमेकींकडं बघतात. म्हातारीनं पुडी सोडली, असं त्यांना वाटतं. खोटं बोलायची खोड मला आहे, नाही म्हणत नाही. पण खोटं मी भाजीतल्या मिठासारखं वापरते, चवीपुरतं. ह्या गोष्टीत ते घालावं लागत नाही. ती मुळातच खारट आहे.

आमचं गाव वळसंगच्या पलीकडं, माळावर. घर धनगराचं, आणि गावची पोलीस पाटीलकी पण आमच्याच घरात. त्यामुळं दारात मेंढरं आणि भिंतीला सरकारमान्य दुनळी बंदूक, असा आमचा थाट होता. पहाटे जात्याच्या घरघरीनं जाग यायची, त्याच्या पाठोपाठ वाघरातली मेंढरं खोकायला लागायची. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायचं दोऱ्यांचं जाळं. मेंढरू खोकतं ते थेट म्हाताऱ्या माणसासारखं. पाहुणे दचकून विचारायचे, घरात कोण आजारी आहे? चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटत असायचं, आई परातीत भाकरी थापत असायची, आणि गरम भाकरीवर शेंगाची चटणी घालून वरून करडईच्या तेलाची धार सोडायची. आमच्याकडं तेल म्हणजे करडईचं. बाकीच्या तेलांना आई औषधं म्हणायची. आपल्या रानातली करडई, आपल्या गावातला घाणा. तेच भाजीला, तेच समईला, तेच माझ्या टाळूवर, तेच दाराच्या बिजागरीला, आणि दर खंडेनवमीला दुनळीला पण तेच. आई दुनळीला तेल चोपडायची, ते चार-आठ दिवसांत वाळून वर पातळ साय धरायचं, आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत गंज म्हणून लागायचा नाही. आबा सांगायचे, अशी तुकतुकीत बंदूक फौजदाराकडं पण नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात मोट चालू असताना दोर तुटायला आला म्हणून आबा तो धरायला धावले. दोर त्यांच्या डाव्या हाताला वेढा घालून गेला आणि बैल पुढं चालत राहिले. हात तुटला नाही. तुटला असता तर बरा, असं आबाच म्हणायचे. खांद्यापासून तो नुसता लोंबकळत राहिला. चिमटा काढला तरी कळायचं नाही. मी एकदा आबा झोपले असताना त्या हाताच्या तळव्यावर जळतं काडवात टेकवून बघितलं होतं. आबा घोरत राहिले. मी तेव्हा बाराएक वर्षांची असेन. नाकाला शेंबूड आणि डोक्यात कलेक्टराची चौकशी!

हात गेला आणि दुनळी भिंतीवरच राहिली. एका हातानं ती मधून मोडून उघडता येत नाही, भरता येत नाही, आणि उचलली तर नळी जमिनीकडं झुकते. रानात ही बातमी कशी जाते कुणास ठाऊक. पण पाटलाचा हात गेलाय हे डुकरांना आधी कळलं, मग लांडग्यांना. आमची मेंढरं राखायचा म्हाळूतात्या. पिकलेला, काटक गडी. तो लांडग्याला शिव्या द्यायचा नाही. "त्येचा वाटा असतोय की पाटील," तो म्हणायचा. "एक कोकरू न्हेतोय, गप जातोय. आपुन काय सगळंच आपलं म्हनून चालंल व्हय?" पण त्या वर्षी वाटा वाढत चालला होता, आणि आबांना पाटीलकीच्या कामानं माळावरून एकट्यानं जावं लागायचं. एका हातानं चालवता येईल असं काहीतरी पाहिजे, आणि डुक्कर अंगावर आलं तर थोपवील इतकं जबर पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. लायसनवर पिस्तूल चढलं आणि आम्ही होटगीला येऊन गाडी धरली.

दुकान कॅम्पातलं. दुकानदाराची दाढी मेंदीनं लाल, बोलणं दखनी. सगळे त्याला चाचा म्हणायचे. त्यानं गादीवर मखमल पसरली आणि आधी एक रिव्हॉल्व्हर ठेवलं, सहा घरांचं.

"पाटील, तुमारा एकच हात है. ये लो. ये रूठता नै, बैठता नै. एक गोली नै चली तो खटका फिर दबाव, दुसरी हाजिर."

आबांनी ते उचलून खटका दाबून बघितला. जड होता, दाबताना नळी हलायची. "आन सहा बार झालं की? हे उघडून, टरफलं काढून, एकेक घर भरायचं. तवर डुक्कर काय माज्यासंगं तंबाकू मळत बसंल?"

चाचा हसला. मग त्यानं एक चपटं, लहानसं, आपोआप भरणारं पिस्तूल काढलं. मला ते लई आवडलं, बाहुलीसारखं होतं. आबांनी त्यातली गोळी बोटांत धरली आणि बाजूला ठेवली. "ही शेंगदाण्याएवढी. ह्येनं डुकराला गुदगुल्या हुतील."

शेवटी चाचानं आतून तिसरं आणलं. ते ठेवलं तेव्हा गादी दबली. गोळी माझ्या अंगठ्याएवढी. मुठीतच गोळ्यांची डबी बसायची. एक डबी संपली की बोटानं खटका दाबून ती खाली टाकायची, पिस्तूल मांड्यांत धरून दुसरी खुपसायची, म्हणजे एका हाताचं काम. बार झाला की वरची पोलादी पाटी आपोआप मागं जाते, रिकामं टरफल फेकते, पुढं येताना नवी गोळी नळीत चढवते. दुकानामागं वाळूची पोती होती, तिथं चाचानं ते भरून दिलं आणि आबांनी उडवून बघितलं. माझ्या कानांत मधमाश्यांचं पोळं फुटलं. आबांचा हात वर उडाला, पण चेहरा मोट हाकायचे तेव्हासारखा झाला. मी तो चेहरा कित्येक महिन्यांत बघितला नव्हता.

"मगर ये राजा है पाटील," चाचा म्हणाला. "राजा के नखरे भी रैते. इसकू साफ रखना. और पैली बार पाटी पीछे खैंचने कू दो हात होना."

"दुसरा हात आनलाय की," आबा म्हणाले आणि त्यांनी मला पुढं ढकललं.

आबांनी मूठ धरून नळी वाळूकडं केली, मी पाटी दोन्ही हातांनी पकडली. मी मागं ओढायचं, आबांनी पुढं रेटायचं. पहिल्यांदा माझे हात सटकले आणि मी ढुंगणावर पडले. दुसऱ्यांदा पाय रोवले, दात खाल्ले, आणि पाटी मागं आली. सोडली तशी खट्‌ करून पुढं गेली. कसला तो आवाज! पेटीला कुलूप बसावं तसा नेमका.

"अरे वा! बेटी नै, बैल है!" चाचा ओरडला. मला तो मान वाटला. पुढं कित्येक वर्षं मी तो मान म्हणूनच सांगत होते.

"गोजे, तू सांग. कुटलं?" आबांनी विचारलं.

माझं नाव गोजरा. मी मोठ्यावर बोट ठेवलं. का, तर ते मोराच्या मानेसारखं निळं दिसत होतं. शिकारीचं हत्यार निवडायला बसलेली ही बया, आणि कसोटी कसली, तर रंग! लुगडं घ्यायला गेले असते तरी मी ह्याहून जास्त विचार केला असता. आबांचं मन अर्थात आधीच झालं होतं. निघताना चाचानं एक चपटी बाटली दिली, पाण्यासारख्या पातळ तेलाची. "ये च डालो. दुसरा नक्को."

त्यानंतर मी जमिनीवर चालत नव्हते. आबांच्या डाव्या अंगाला, अर्धं पाऊल मागं, ही माझी जागा. निघताना मी पाटी ओढायची, खट्‌ व्हायचं, मग आबा ते कमरेच्या कातड्यात खोचायचे. माझ्या बरोबरीच्या पोरी गोवऱ्या थापायला बोलवायच्या, तर मी हात अंगापासून लांब धरून म्हणायची, "माजं हात खराब हुतील." जणू सरकारनं लायसन पिस्तुलाला नाही, माझ्या हातांनाच दिलं होतं. त्या पावसाळ्यात आबांनी दोन डुकरं पाडली. गावात वाटे गेले. म्हाळूतात्या चरबी खात म्हणाला, "पाटलाला नवा हात फुटला." आबांनी माझ्या डोक्यावर टप्पल मारली. मला अजून ती जागा बोटानं दाखवता येईल.

मग खंडेनवमी आली. आमच्यात त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं देवापुढं मांडायची. कोयता, कुऱ्हाड, मेंढरं भादरायची कातर, दुनळी, आणि त्या वर्षी मधोमध राजा. आईनं चाचाची बाटली उघडून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"रॉकेलावानी घाण वास येतोय. देवाम्होरं ठिवायच्या हत्याराला हे लावू?"

"दुकानदार म्हनलाय त्येच लावा म्हनून," आबा म्हणाले, पण त्यांच्या बोलण्यात दम नव्हता.

"दुकानदाराच्या घरी खंडेनवमी हाय व्हय? दुनळीला इतकी वर्सं काय लावलं?"

आबांनी बाटलीला बूच लावून ती फळीवर ठेवली. घाण्यावरून ताजं तेल आलं होतं. आईनं कापसाचा बोळा करून पिस्तूल न्हाऊ घातलं, पाटीच्या खाचेत, खटक्याच्या फटीत, सगळीकडं, बाळाच्या अंगाच्या घड्या पुसाव्यात तितक्या मायेनं. मी झेंडूची माळ घातली. मग पीक निघालं, खळ्याचे दिवस आले. डुकरं डोंगराकडं सरकली, आणि पिस्तूल पेटीत राहिलं.

हुरड्याच्या दिवसांत, भर दुपारी, म्हाळूतात्याचा निरोप आला. लांडगा मेंढरांत शिरलाय. "दिसाउजेडी? येकटा?" आबांनी विचारलं. निरोप आणणारा म्हणाला, "व्हय. आन न्हेत न्हाई कायबी. धरतोय आन सोडतोय, धरतोय आन सोडतोय."

आबा उठून उभे राहिले. वाटा न नेणारा लांडगा म्हणजे काय हे आमच्यात पोरांना पण ठाऊक. पिसाळलेला.

"पोरीला कशाला न्हेताय?" आई म्हणाली.

"मग माजा डावा हात घरी ठिवून जाऊ?"

मी पाटी ओढली. ती आली, पण कुरकुरत, गुळाच्या पाकातून उलथनं ओढावं तशी. आणि सोडली तर खट्‌ झालं नाही. सावकाश पुढं गेली, शेवटी जराशी फट उरली. आबांनी मांडीवर दाबून ती बसवली. "गारठ्यानं आखडलंय," ते म्हणाले. आम्ही दोघंही त्यावर राजी झालो.

बांधाच्या अलीकडं तो आमच्याकडं तोंड करूनच उभा होता. मी गोष्टीतला लांडगा बघायला निघाले होते. हा वाळलेला, खालचा जबडा लोंबलेला, जनावर सोडून भलतंच काही झालेला. तो पळाला नाही. डोकं खाली घालून सरळ चालत आला, एखाद्या ओळखीच्या माणसासारखा. आबांनी बार केला. गोळी मागच्या मांडीत बसली, तो गोल फिरला आणि परत यायला लागला. आबांनी पुन्हा खटका दाबला. काही झालं नाही. पाटी मागं गेली होती ती मागंच अडकली होती. अर्ध्यावर, उघड्या तोंडानं.

"गोजे, वड!"

मी दोन्ही हातांनी धरली. मागं ओढली, पुढं ढकलली. तळहाताचं कातडं निघालं. जोर मी हातानं कमी आणि तोंडानं जास्त केला, आई गं, आई गं, एवढंच ओरडत होते. तो आला तो माझ्याकडं आला. आबांनी पिस्तूल टाकलं, उजव्या हातानं आपला डावा हात मनगटाला धरून काठीसारखा उचलला आणि त्याच्या तोंडात दिला. त्यानं धरला. सोडला, परत धरला. आबा त्याला तो हात खाऊ देत होते, आणि माझ्याकडं बघून म्हणत होते, "मागं सर. मागं सर, बाळ." मग म्हाळूतात्याची कुऱ्हाड आली.

"सोलापूरला मोठ्या दवाखान्यात पोटात सुया देत्यात," म्हाळूतात्या त्याच संध्याकाळी म्हणाला. "लगीच निघा, पाटील." आई गाडी जुंपायला उठली पण होती. आबा हसले. हात पुढं करून त्यांनी जखमेत बोट घातलं आणि म्हणाले, "बघा. कळतंय का? मेलेला हात हाय ह्यो. मेल्याला इख चढतंय व्हय?"

आम्हाला पटलं. हे मला आज लिहिताना पण विचित्र वाटतं, पण पटलं. ज्या हातात दुखणं जात नाही, त्यात विष कुठून जाणार? कुणीतरी पाला वाटून बांधला, देवळात अंगारा झाला, जखमा भरून आल्या. आणि मी गावभर सांगत फिरले की माझ्या बापानं लांडग्याला मेलेला हात चारून फसवलं. ऐकणाऱ्या पोरींकडून त्या गोष्टीचे बोरांत पैसे घ्यायची मी.

शिमगा जवळ आला होता. आबा ओसरीवर घोंगडीवर बसले होते आणि एकाएकी त्यांनी आईला हाक मारली. आवाज असा की आई पिठाच्या हातानं धावली.

"मुंग्या यायला लागल्यात."

"कुटं?"

"हातात. डाव्या हातात."

आईनं बोटं दाबली. "कळतंय?"

"कळतंय की! जळजळ हुतीया. अगं, हात जागा झाला!"

त्या दिवशी आमच्या घरी पुरणपोळी झाली. आईनं दृष्ट काढली, गावात गूळ वाटला. म्हाळूतात्या आला, पण गूळ हातात धरून तसाच बसला, खाल्ला नाही. मी आबांचा हात मांडीवर घेऊन एकेक बोट मोजत, प्रत्येकाला विचारत बसले होते, "हे कळतंय? आन हे?" आबा हसत होते, आणि घास गिळताना मधेच थांबत होते. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. आबांनी तो ओठाला लावला. त्यांच्या गळ्यानं एक उडी घेतली, सगळं अंग वाकलं, आणि तांब्या ओसरीवरून गडगडत अंगणात गेला. त्यांनी परत मागितला. परत तसंच झालं. तिसऱ्या वेळी आईनं तांब्या नुसता उचलला, तर आबांनी तोंड फिरवलं.

आबाच बोलले. गूळ खाली ठेवत असलेल्या म्हाळूतात्याला ते म्हणाले, "वाघरातला दोर आन. मला मेंढवाड्यात न्हे. पोरीला बगू दिऊ नको." म्हाळूतात्यानं उजवा हात बांधला आणि थांबला. आबा म्हणाले, "डावा बी बांध. आता त्यो बी जिता हाय."

पुढचं मी बघितलं नाही, ऐकलं. ते लिहीत नाही.

मयतीला आलेल्या बायका भिंतीला टेकून बोलायच्या, हळू, पण मला ऐकू जाईल इतकं हळू. पोरीच्या हातात जोर न्हवता. पोरगा असता तर वडला असता. मी खांबाआड उभी राहून माझे तळहात बघायची. सोलवटलेलं भरून आलं होतं, आणि त्या जागी नवीन, गुलाबी, निकामी कातडं होतं.

पिस्तूल चौकीत जमा करायचं होतं; धनी गेला की लायसन संपतं. शिपाई न्यायला येणार म्हणून आईनं ते पेटीतून काढलं. डबी अजून आतच होती. ती म्हाळूतात्यानं काढली, नळीत काही नाही हे बघितलं आणि तो बाहेर गेला. आई ते घेऊन बसली. अंगठ्यानं पाटीची खाच चोळली. बोट नाकाशी नेलं. मग समईकडं बघितलं. समईच्या दांड्याला जो पिवळा, चिवट थर बसतो, दर महिन्याला राखेनं घासून काढावा लागतो, तोच पाटीच्या खाचेत बसला होता. आईनं तो आयुष्यभर घासला होता. मग उठली, चुलीतली राख घेतली, रॉकेल घेतलं, चाचाची बाटली आणली, आणि परसात बसून पिस्तूल घासायला लागली. एकेक खाच, एकेक फट. हात थांबत नव्हता. रडत नव्हती.

झाल्यावर तिनं मला हाक मारली. मूठ दोन्ही हातांनी धरून नळी भिंतीकडं केली.

"वड."

मी मागं सरले.

"वड म्हनते न्हवं."

मी पाटीला हात लावला. पहिल्याच ओढीत आली. सोडली, तर खट्‌.

"परत वड."

खट्‌.

"बघ," आई म्हणाली. "तुज्या हातात जोर हाय. तेल माजं व्हतं." एवढंच, आणि शिपाई आला तसं पिस्तूल फडक्यात बांधून तिनं त्याच्या ओंजळीत दिलं. दिवेलागण झाली होती. ती आत गेली, घागरीतून तेल काढून समईत घातलं आणि वात लावली. त्याच तेलाची. दुसरं घरात नव्हतंच.